हे आमच्याकडूनच आलं का?

मी आनुवंशिकतेवर संशोधन करते हे कळलं की मंडळाच्या कार्यक्रमात लोक मला दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. पहिला चारचौघांत, मोठ्यानं: "मग आमचं घराणं मूळचं कोकणातलं की घाटावरचं, सांगशील का?" दुसरा नंतर, ताटं आवरताना, आवाज खाली आणून. शाळेतून पत्र आलेलं असतं. मुलगा एका जागी बसत नाही, मधेच बोलतो, परवा कुणाला तरी ढकललं, एडीएचडीसाठी तपासून घ्या असं शिक्षिका सुचवतायत. आणि मग: "हे आमच्याकडूनच आलं का गं?"

प्रश्न दिसतो विज्ञानाचा, पण त्याच्या पोटात एक वेगळाच हिशेब असतो. रक्तातून आलं असेल, तर आमचं वाढवण्यात काही चुकलं नाही. पण मग आता काही होण्यासारखंही नाही. वाढवण्यातून आलं असेल, तर काहीतरी करता येईल. पण मग चूक आमची. म्हणजे दोषातून सुटायचं तर आशा सोडायची, आणि आशा हवी असेल तर दोष पदरात घ्यायचा. मी कार्डिफमध्ये राहते, रोज याच विषयातली आकडेवारी बघते, आणि हा सौदा मला फार खटकतो, कारण तो मुळातच खोटा आहे. तो खोटा का, हे जेवणानंतरच्या पाच मिनिटांत सांगता येत नाही.

मराठीत दोन्ही बाजूंची वकिली आधीपासून तयार आहे. 'खाण तशी माती', 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार', 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला एकच शब्द पुरतो: संस्कार. गंमत म्हणजे एकच माणूस सोयीनं दोन्ही वापरतो. मूल गणितात चमकलं की 'आमच्या घराण्यातच आहे', आणि वांड निघालं की 'वळण लागलं नाही'. 'वळण लागलं नाही' या वाक्यात कुणी लावलं नाही ते सांगितलेलं नसतं, पण ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही. ते आईनंच लावायचं असतं. परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते, तिकडच्या वातावरणाची.

आता आकडेवारी काय सांगते ते बघू. त्याआधी एक फरक करायला हवा, कारण शाळेच्या पत्रात तो बहुतेक वेळा पुसट झालेला असतो. चुळबूळ, लक्ष न टिकणं, पाळी येण्याआधीच उत्तर देणं ही एक गोष्ट. हिला अतिचंचलता म्हणू. मारामारी, सतत खोटं बोलणं, दुसऱ्याच्या वस्तू मोडणं किंवा पळवणं ही दुसरी. हिला वर्तन-समस्या म्हणू. बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र दिसतात, पण त्यांची घडण सारखी नाही.

हे कळलं मुख्यतः जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून. तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा आनुवंशिक मजकूर जवळजवळ एकच असतो. दुसऱ्या प्रकारची जुळी साध्या भावंडांइतकीच जवळची असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. म्हणून पहिल्या प्रकारच्या जोड्यांत एखाद्या बाबतीतलं साम्य दुसऱ्यांपेक्षा किती जास्त आहे यावरून आनुवंशिकतेच्या वाट्याचा अंदाज बांधता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये 1990च्या दशकात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा असा माग काढला गेला आहे, आणि स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका इथूनही तसंच चित्र आलं. अतिचंचलतेच्या बाबतीत मुलामुलांमधल्या फरकाचा सुमारे 70 ते 80 टक्के भाग आनुवंशिक फरकाशी जोडलेला दिसतो. उंचीच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. वर्तन-समस्यांच्या बाबतीत तो निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि तिथे घराचा, म्हणजे दोन्ही भावंडांना सारख्याच मिळणाऱ्या परिस्थितीचा वाटा स्पष्ट दिसू लागतो.

म्हणजे 'खाण तशी माती' जिंकली? नाही, कारण हा 70-80 टक्क्यांचा आकडा तुमच्या मुलाबद्दल नाहीच. 'याच्या चुळबुळीतली तीन चतुर्थांश बाबांकडून आणि उरलेली आयपॅडमुळे' असा त्याचा अर्थ होत नाही. तो एका ठरावीक लोकसमूहातल्या फरकांबद्दल बोलतो, आणि त्या समूहाची परिस्थिती बदलली की तोही बदलतो. सगळी मुलं पोटभर जेवणारी, शाळेत जाणारी, बऱ्यापैकी सुरक्षित घरांतली असतील, तर परिस्थितीत फरकच थोडा उरतो आणि साहजिकच आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. परिस्थिती खरोखर भयंकर झाली की काय होतं हे पाहायचं तर रुमानियाकडे बघावं लागतं. 1989मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांतली मुलं ब्रिटनमधल्या घरांत दत्तक आली. मायकेल रटर आणि नंतर एडमंड सोनुगा-बार्क यांच्या गटानं त्यांतल्या 165 मुलांचा तरुण वयापर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या सहा महिन्यांच्या आत तिथून सुटलेली मुलं इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांत अतिचंचलतेची लक्षणं पुढे वर्षानुवर्षं, प्रेमळ घरांत वाढूनही, टिकून राहिली. कुणाचं रक्त कसं होतं हा प्रश्न तिथे दुय्यम ठरला.

शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी सुईण येऊन टाचेतून रक्ताचे थेंब घेते, ते आठवत असेल. त्यात पीकेयू नावाचा एक आजार तपासतात. तो संपूर्ण आनुवंशिक आहे. एका विशिष्ट जीनमध्ये बिघाड असला की बाळाला प्रथिनांतला एक घटक पचवता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदूचं कायमचं नुकसान करतो. वेळेत कळलं तर उपाय आहारात आहे: तो घटक अगदी बेतानं द्यायचा. मूल ठीक वाढतं. अतिचंचलतेसाठी इतका सरळ उपाय नाही हे मला मान्य आहे. तिच्यामागे एक जीन नाही. 38 हजारांहून जास्त एडीएचडीग्रस्तांची माहिती वापरून 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीनसंचातल्या 27 जागा ठळकपणे सापडल्या, आणि त्या प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर आहे. अशा आणखी हजारो असणार. पण कारण रक्तात आहे म्हणून उपायही रक्तातच हवा, ही समजूत पीकेयूपुरती तरी मोडीत निघते.

'रक्तातच आहे' या वाक्याची मला भीती वाटते ती दुसऱ्या कारणानं, आणि ते कारण आपल्याकडचं आहे. 1871मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराच्या जातीत जन्मलेला चोरच होणार, असा युक्तिवाद त्यामागे होता. 1911च्या कायद्यानं ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' वसल्या. गुन्हेगारी रक्तात आहे म्हणून अख्खी जमात दोषी ठरली, आणि त्याच कायद्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी लहान मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा दिली. का? तर वातावरण बदललं की मुलं सुधारतील म्हणून. आनुवंशिकता आणि संस्कार हे दोन्ही सिद्धांत एकाच वेळी, एकाच माणसांविरुद्ध वापरले गेले. 1952मध्ये कायदा गेला. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. पोलिसांच्या मनातून संशय मात्र तेव्हाही गेला नाही आणि आजही पुरता गेलेला नाही. एका समूहाच्या आतले फरक मोजणारा आकडा दोन समूहांमधल्या फरकाबद्दल काहीच सांगत नाही, हे जुळ्यांच्या अभ्यासातलं पहिलं पथ्य आहे. ते विसरलेला माणूस मग कितीही मोठा शास्त्रज्ञ असो, त्या कायद्याच्या पंगतीत जाऊन बसतो.

तर प्रश्न राहिला आईचा. तिच्यावर दोष ठेवण्याची परंपरा विज्ञानातही मोठी आहे. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या बायकांची मुलं जास्त चंचल, जास्त मारकुटी असतात, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं होतं. निष्कर्ष सरळ वाटत होता. पण सिगारेट सोडू न शकणारी बाई स्वतःच थोडी उतावळ्या स्वभावाची असेल आणि तोच स्वभाव मुलात उतरला असेल तर? धूर आणि वारसा एकाच शरीरातून मुलाकडे जातात, ते वेगळे कसे काढणार? इथे कार्डिफमध्ये अनिता थापर, फ्रान्सिस राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला या क्षेत्रातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. त्यांनी आयव्हीएफनं जन्मलेली शेकडो मुलं घेतली. त्यांतल्या काहींना वाढवणारी आई हीच बीजाचीही आई होती. काही दुसऱ्या स्त्रीनं दान केलेल्या बीजातून, पण याच आईच्या पोटात वाढलेली. म्हणजे गर्भाशय एकीचं, वारसा दुसरीचा. 2009मध्ये आलेले निष्कर्ष असे: सिगारेट ओढणाऱ्या आईच्या बाळाचं वजन कमी भरत होतं, मग बीज तिचं असो वा नसो. तिथे धूर खरोखर गुन्हेगार होता. पण मुलाच्या आक्रमक वागण्याशी सिगारेटचा संबंध दिसला तो फक्त बीजही आईचंच असलेल्या मुलांत. दान केलेल्या बीजाच्या मुलांत तो दिसेनासा झाला. अतिचंचलतेच्या बाबतीतही कल त्याच दिशेचा निघाला.

(गरोदरपणी सिगारेट ओढायला हरकत नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. बाळाचं वजन ही लहान गोष्ट नाही.)

यापुढचा अभ्यास मात्र मला अस्वस्थ करतो. घरात चिडचिड, ओरडाआरडा जास्त असेल तर मुलं जास्त चंचल असतात, हेही जुनंच निरीक्षण. आईच्या ओरडण्यानं मूल तसं झालं की तशा मुलामुळे आई ओरडू लागली? गॉर्डन हॅरोल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अगदी तान्हेपणी दत्तक गेलेल्या मुलांकडे पाहिलं. इथे वाढवणारी आई आणि मूल यांच्यात रक्ताचं नातं नाही. जन्मदात्या आईत एडीएचडीची लक्षणं जितकी जास्त, तितकं मूल लहानपणी जास्त उतावळं. मूल जितकं उतावळं, तितका दत्तक आईच्या बोलण्यात तिरसटपणा जास्त. आणि तो तिरसटपणा जितका जास्त, तितकी पुढे मुलाची लक्षणं जास्त. म्हणजे ज्या बाईला तिनं बहुधा कधी पाहिलंही नसेल, तिच्या स्वभावाचा एक धागा मुलातून येऊन या आईच्या आवाजात उतरला होता. तिला मात्र वाटत असणार की आपण वाईट आई आहोत.

या साखळीत दोष कुणाला देणार? मूल पाच-सहा वर्षांचं. त्यानं आपला मेंदू मागून घेतलेला नाही. जन्मदात्या आईनं स्वतःचा मागून घेतलेला नव्हता. दत्तक आईचा राग हा बराचसा ओढून आणवलेला राग आहे. मला कुठेही बोट ठेवता येत नाही. पण साखळीची शेवटची कडी, रागाचा परिणाम पुन्हा मुलावर होतो ही, बदलता येण्यासारखी आहे, आणि ती बदलण्याची थोडीफार ताकद त्या दोघांपैकी एकाच व्यक्तीकडे आहे. सहा वर्षांच्या मुलापेक्षा पस्तीस वर्षांच्या बाईला ब्रेक जरा बरे लागतात, इतकंच. दोष आणि जबाबदारी आपण इतक्या सहजपणे एकमेकांना बांधून टाकतो की जबाबदारी घ्या म्हटलं की समोरच्याला आरोपच ऐकू येतो. पावसात भिजलेल्या मुलाचं डोकं पुसणाऱ्यानं पाऊस पाडलेला नसतो.

आणि तसे प्रयत्न उपयोगी पडतात. वेल्समध्येच, उत्तरेच्या आणि मधल्या गरीब वस्त्यांत, तीन-चार वर्षांच्या हट्टी, मारकुट्या मुलांच्या आईवडिलांसाठी काही आठवड्यांचे वर्ग घेतले गेले. चांगलं वागलं की लगेच दखल घ्यायची, सूचना छोट्या आणि एका वेळी एकच, रोज थोडा वेळ मुलाच्या मर्जीनं खेळायचं. असल्या साध्या गोष्टी शिकवल्या. 2007मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आले: वर्गांना गेलेल्या पालकांच्या मुलांची वर्तन-समस्या लक्षणीय कमी झाली. शुद्ध चुळबुळीवर अशा वर्गांचा परिणाम बेताचाच असतो. स्वतः वर्गाला न गेलेल्या, तटस्थ माणसाकडून मोजमाप केलं की तो आणखी आक्रसतो; तिथे काही मुलांना औषध लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मारणं, मोडणं, उलटून बोलणं यावर वळणाचा परिणाम होतो. आजी चुकत नव्हती. फक्त तिच्या वळणात धपाटाही होता, आणि वेल्समध्ये मार्च 2022पासून मुलाला मारणं कायद्यानं बंद आहे. 'मग तुम्ही मुलं वाढवता तरी कशी?' असा प्रश्न मला पुण्याहून आला होता. साखळीतली तीच कडी धपाट्यानं आणखी घट्ट होते, हे फोनवर समजावणं अवघड जातं.

दोष नसणं म्हणजे मोकळीक, असंही नाही. 'त्याला एडीएचडी आहे, चालायचंच' म्हणणारे आईबाप मी पाहिलेत. मुलानं दुसऱ्याला ढकललं तर ते चुकीचं आहे हे त्याला सांगायलाच हवं, शंभरदा सांगावं लागलं तरी. ब्रेक जन्मतः कमजोर असलेल्या मुलाला ते सांगणं जास्त वेळा लागतं.

अडचण वेगळीच आहे. पोहऱ्यात आलं ते आडातूनच, हे इथे खरं असल्यामुळे, ज्या मुलाला शांत आणि नेमाचं घर सगळ्यात जास्त हवं, त्याच्याच आईला किंवा बापाला किल्ल्या सापडत नसण्याची, बिलं भरायची राहण्याची, पटकन तोल जाण्याची शक्यता जास्त. त्यांना 'नियमित रहा, शांत रहा' सांगणं म्हणजे चष्मा हरवलेल्याला चष्मा शोधायला सांगणं. जबाबदारी ज्याच्याकडे ताकद आहे त्याची, असं एकदा मानलं की ती घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. ती आजीकडे जाते, शेजारणीकडे, शिक्षिकेकडे, आणि त्याही पलीकडे.

शाळेचंच बघा. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान आणि सप्टेंबरची सगळ्यात मोठी. 2018च्या एका मोठ्या अभ्यासात ऑगस्टच्या मुलांमध्ये दर दहा हजारांत सुमारे 85 जणांना एडीएचडीचं निदान झालेलं आढळलं, सप्टेंबरच्या मुलांमध्ये 64 जणांना. जिथे प्रवेशाची तारीख वेगळी, तिथे हा फरक नव्हता. म्हणजे काही मुलांचा आजार इतकाच की ती वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा अकरा महिन्यांनी लहान आहेत. तुमच्या मुलाचा वाढदिवस उन्हाळ्यातला असेल आणि शाळेचं पत्र आलं असेल, तर पहिल्या भेटीत हे जरूर विचारा.

आणि पैसा. नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगराळ भागात 1993पासून 1420 मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश मुलं मूळ अमेरिकी, बहुतेक चेरोकी समाजाची. अभ्यास निम्म्यावर आला असताना चेरोकींच्या राखीव भूमीवर कसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. सुरुवातीला थोडा, मग दरवर्षी वाढत. कुणी गरीब असल्याचं सिद्ध करायला नको, कुणी मेहनती असल्याचंही नाही. संशोधकांनी न आखता एक प्रयोग त्यांच्या हाती आला. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये जे प्रसिद्ध केलं ते असं: ज्या घरांची गरिबी या पैशानं हटली, त्या घरांतल्या मुलांची मारामारी, चोरी, उद्धटपणा ही लक्षणं उतरत गेली आणि चारेक वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी झाली. त्यांचे जीन्स तेच होते. आईबाप तेच होते. चिंता आणि नैराश्य यांवर मात्र पैशाचा काही परिणाम दिसला नाही, म्हणजे सगळंच आपोआप सुधारलं असंही नव्हे. हे घडलं कसं याचा माग काढल्यावर त्यांना मुख्य धागा सापडला तो आईबापांच्या वेळेचा. त्यांच्यामागची ओढाताण कमी झाली होती, आणि मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, काय करतंय, याकडे बघायला त्यांना सवड मिळू लागली होती.

या वाट्यानंतरही काही घरं गरीबच राहिली. तिथल्या मुलांची लक्षणं पूर्वीइतकीच राहिली.